जिन-शुईंचा कान

आनपिंगच्या मासळी बाजारामागे आमचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षं झाली. पाटी आहे, पण पाटी वाचून कोण येतंय? लोक येतात आमच्या ह्यांच्या कानासाठी. गाडी कोपऱ्यावरून वळली की कुओ जिन-शुई आतूनच ओरडायचे, "हवा जास्त ओढतेय, कार्बोरेटरचा स्क्रू आवळावा लागेल!" आणि अगदी तसंच निघायचं.

मग पेट्रोल फवारणाऱ्या, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि तो स्क्रूच गेला. हे पंचेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन वर्गात जाऊन बसले, आणि घरी येऊन मला शिकवायला लागले. "सीटखाली एक डबी असते. ती म्हणजे सासू समज. स्वतः चुलीपाशी जात नाही, पण बातमी सगळी लागते तिला. इंजिन किती तापलं, हवा किती आली, मूठ किती पिळली, दट्ट्या आता कुठे पोचला. मग हुकूम सोडते, एवढंच पेट्रोल फवारा, आत्ता ठिणगी टाका. बातमी आली नाही तर हुकूमही नाही."

"म्हणजे तुमच्या आईच बसल्यात की डबीत," मी म्हटलं. दोन दिवस हसत होते.

डबी आली तरी कान होताच. चावी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद बारीक गुणगुणतो आणि गप्प होतो. पेट्रोलला दाब आला, असा त्याचा अर्थ. ते गुणगुणणं हे नेहमी कानानेच तपासायचे. यंत्र लावून दाब मोजणारे ह्यांच्या मते कच्चे गडी.

त्या दिवशी, पावसाळी वादळ होऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी, यु-ल्यान गाडी ढकलत आली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवायचं काम तिचं.

"शुईदादा, काल गुडघाभर पाण्यातून आणली, आज नुसतीच घरघर करते. अकराला बावीस डबे निघायचे आहेत हो! तो पुलापलीकडचा म्हातारा तर साखरेच्या आजाराचा आहे, वेळेवर पोटात गेलं नाही तर चक्कर येऊन पडतो."

ह्यांनी चावी फिरवली, कान सीटला लावला. तपासणीचा दिवा पंपाच्या तारेला लावला, तो पेटला. "वीज येतेय, पंप बोलत नाही. म्हणजे पंप मेला."

मी मागे शिंगाडे सोलत होते. कपाटातला नवा पंप बसवून झाला तेव्हा पावणेदहा वाजले होते. परत चावी, परत कान. "हाही मेलेला!"

मला काहीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं. म्हटलं, शेजारचा फ्रीज असेल.

ह्यांचा पारा चढला. फोन उचलला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं अ-होकला झापलं. अ-होक सुट्या भागांचा व्यापारी, तीस वर्षांचा मित्र. "कचरा विकतोस काय रे? लाज कशी वाटत नाही?" बाकावर नंबर लावून बसलेली तीन गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली.

अ-होक घामाघूम होऊन नवा पंप स्वतः घेऊन आला. बसवेपर्यंत साडेदहा. यु-ल्यान दारात येरझाऱ्या घालत होती. मी शिंगाडे टाकून पुढे आले.

चावी फिरली. पंप गुणगुणला, स्वच्छ, दोन सेकंद. मी ऐकला. अ-होकने ऐकला. यु-ल्याननेही ऐकला असणार, कारण ती हसली.

"बघ," हे अ-होकला म्हणाले, "हाही मेलेला."

अगं बाई! नवीन वर्षापासून मी हाक मारते आणि हे ओ देत नाहीत, म्हणून मी किती भांडले, किती दिवस अबोला धरला! माझा आवाज बारीक. अ-होकचा जाडाभरडा, तो ऐकू येतो. माणूस मला टाळत नव्हता. बारीक आवाजच त्याच्यापर्यंत पोचत नव्हते.

अ-होकने तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. बाकावर तिघं बसलेत, सगळे कानासाठी आलेले. आत्ता शब्द निघाला तर संध्याकाळपर्यंत मासळी बाजारात पोचेल. नाही बोलावं तर हे चौथा पंप मागवतील, डबे जायचे राहतील आणि खापर अ-होकच्या डोक्यावर फुटेल.

शेवटी मी पुढे झाले, ह्यांचा तळहात धरला, टाकीवर दाबला आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवली.

टाकी थरथरली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अ-होककडे, मग यु-ल्यानकडे. चेहरा पांढराफटक पडला. खाली बसले, प्लग काढून इंजिनाला टेकवला, स्टार्टर दाबला. ठिणगी नव्हती. म्हणजे डबी हुकूमच सोडत नव्हती. तिला दट्ट्याची बातमी पोचत नव्हती. ती बातमी आणणाऱ्या तारेचं टोक उघडलं तर पाण्याने हिरवंगार झालेलं. घासलं, पुसलं, जोडलं. अकराला दहा कमी असताना गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली.

अ-होक मोठ्यांदा म्हणाला, "माझाच आधीचा पंप खराब होता रे शुई. हा बरा निघाला." कसला देवमाणूस! मी मनात म्हटलं, घ्या हो, घ्या, झाकली मूठ राहू दे.

हे हात पुसत उभे होते.

"नाही," ते म्हणाले. बाकाकडे तोंड करून म्हणाले. "पंप चांगले होते. गाडीतला जुनासुद्धा. माझे कान गेलेत. अ-होक, मघाशी फोनवर बोललो त्याबद्दल माफ कर."

बाकावरचा एक जण उठला, गाडी ढकलत निघून गेला. ह्यांनी त्याला जाताना पाहिलं. उरलेले दोघे काही हलले नाहीत.

यु-ल्यान गाडी रस्त्यावर घेत मागे वळून काहीतरी ओरडली.

ह्यांनी चारचौघांत, सरळ, मला विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"उद्या ब्रेक दाखवायला येते म्हणाली," मी सांगितलं. जमेल तितक्या मोठ्याने.