कापड आटलंय

टेलरताईंच्या दुकानात दोन मशिनी होत्या, एक इस्त्री होती आणि कोपऱ्यात पडदा लावलेला एक आडोसा होता. आडोशातला आरसा ताईंनी मुद्दाम जरासा कलता टांगला होता. त्यात बघणारी प्रत्येक बाई घरच्या आरशातल्यापेक्षा उंच नि सडसडीत दिसायची आणि पडदा सारून ताठ मानेने बाहेर यायची. ताईंच्या शिलाईचं अर्धं नाव त्या आरशाने कमावलं होतं.

उरलेलं अर्धं एका थापेने. ताई शिवताना प्रत्येक शिवणीच्या आत चांगली दोन बोटं माया सोडायच्या, म्हणजे जादाचं कापड आत दुमडून ठेवायच्या. वर्ष-दोन वर्षांनी तीच बाई तोच ड्रेस घेऊन यायची. "बघा ना, हा कसा काय घट्ट व्हायला लागला," म्हणायची. ताई कापड चिमटीत धरून उजेडाकडे न्यायच्या आणि नाक मुरडून सांगायच्या, "कापड आटलंय. हल्लीच्या कापडांचं काही विचारूच नका." मग शिवण उसवायची, आतली माया मोकळी करायची, नवी टीप मारायची, की पंधरा मिनिटांत काम फत्ते. अठरा वर्षांत त्या रस्त्यावर एकही बाई जाड झाली नव्हती. कापड मात्र सगळ्यांचंच आटलं होतं.

मापं घेतानाही ताईंच्या तोंडून आकडा निघत नसे. टेप कमरेभोवती फिरली की डोळ्यांनी वाचायचं, लांबट वहीत हाताआड लिहायचं आणि वही मिटायची. नवऱ्याने एकदा ती सहज चाळली, तर त्याला दोन दिवस बोलणी खावी लागली.

वहीचं पहिलं पान होतं समोरच्या पोस्टातल्या मैत्रिणीचं. दुकान उघडलं त्या दिवशी ती पोस्टाच्या खिडकीमागून उठून रस्ता ओलांडून आली, पहिलं गिऱ्हाईक म्हणून. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायची. दोघी अगं-तुगंवर होत्या. ताईंना सख्खी बहीण नव्हती, आणि गुरुवारचा तो अर्धा तास त्यांनी कुणासाठी सोडला नसता. मैत्रीण आता दोन महिन्यांत निवृत्त होणार होती. निरोपाच्या समारंभासाठी तिला कोट हवा होता.

"जन्मभर खिडकीमागे बसले," ती म्हणाली होती, "लोकांनी मला फक्त छातीपर्यंत पाहिलंय. एक दिवस सगळी दिसू दे."

सगळं असं बरं चाललं असताना घोळ झाला तो सुईत दोरा ओवण्यावरून. दोरा चौथ्या खेपेला ओवला जाऊ लागला आणि डोळ्यांनी दगा दिला तर पुढे काय, या विचाराने ताईंची झोप उडाली. नेमकी त्याच आठवड्यात नणंद येऊन धडकली. नणंदेला दर वर्षी नवं काहीतरी सापडायचं आणि ते सगळ्या नातेवाइकांना फार महागात पडायचं.

"वहिनी, मशीनवर अजून किती वर्षं मान मोडणार?" ती म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर चला. नुसतं ऐकायला."

नुसतं ऐकायला म्हणून ताई गेल्या. एका भाड्याच्या हॉलमध्ये सुटातले एक साहेब बारीक होण्याच्या पावडरीबद्दल बोलत होते. स्वतः घ्यायची, चौघींना द्यायची, त्या चौघींनी आणखी चौघींना द्यायची आणि आपण घरी पाय पसरून बसायचं. साहेबांच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच लांब होती. ताईंचं निम्मं लक्ष तिकडेच होतं.

"ओळखीच्या शंभर जणांची यादी करा," साहेब म्हणाले. सगळ्या बायका पेनं चावत छताकडे बघू लागल्या. ताई गालातल्या गालात हसल्या. त्यांची यादी घरी तयार होती, तीही कमरेसकट.

"आणि लाजू नका," साहेबांनी शेवटी सांगितलं. "समोरच्याला आधी त्याचं दुखणं दाखवा. पुराव्यासकट. मग औषध दाखवा."

पुराव्यासकट हा शब्द ताईंनी मनावर घेतला. आता इतकी शहाणी बाई, पण औषध विकायला निघाली आणि दुखणं इतकी वर्षं आपणच झाकून ठेवलंय हे साफ विसरली.

पहिला नंबर लागला बेकरीवाल्या वहिनींचा. त्या ट्रायलला आल्या तशी ताईंनी वही उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. "हे बघा. पाच वर्षांपूर्वी एकतीस. मागच्या वर्षी पस्तीस. आज सदतीस. आणि ही पावडर." वहिनींनी पान खालून वर वाचलं, मग वरून खाली वाचलं. मग हँगरवरून आपला ड्रेस काढला आणि चालू लागल्या. ड्रेसला तेव्हा एकच बाही लावून झाली होती.

दातांच्या डॉक्टरीणबाई जास्त सभ्य निघाल्या. "विचार करून सांगते," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागल्या. शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी तर वहीतलं आपलं पान फाडूनच मागितलं. ताईंना वाटलं, लोकांना सत्य पचत नाही. साहेबांनी तसं होणार म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

मग गुरुवार आला. ताईंनी आधी कोटाची मापं घेतली, मग मैत्रिणीने डबा उघडला. तिचे दोन घास झाले तशी ताईंनी वहीचं पहिलं पान काढलं.

"आलीस तेव्हा अठ्ठावीस होतीस. आज छत्तीस. मी तुझ्या भल्यासाठीच सांगते."

मैत्रिणीने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"म्हणजे कापड आटत नव्हतं?"

ताईंना पहिल्यांदाच उमगलं की आपण काय करून बसलो. "थोडं आटलंही असेल," त्या पुटपुटल्या.

"निळ्या ड्रेसचं कापड आटलं म्हणालीस, तेव्हा मी कापडवाल्याशी जाऊन भांडले होते. भर दुकानात. त्याला लबाड म्हटलं मी. तीन वर्षं झाली, त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही." तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि तू इथे बसून गंमत बघत होतीस."

पुढच्या गुरुवारी स्टूल रिकामं राहिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. दुकानातून पोस्टाची खिडकी समोरच दिसायची, आणि खिडकीआड एकटीच डबा खाणारी मैत्रीणही दिसायची. ताईंनी दोनदा मशीनची जागा बदलली, तरी नजर जायची ती जायचीच. बाकीची गिऱ्हाइकं गेली त्याचं दुःख होतंच, पण त्यांच्यासाठी काही डोळे भरून येत नव्हते. इथे मात्र सुईचं नाक दिसेनासं व्हायला आता वयाची गरज उरली नव्हती.

ताईंनी पावडरीचे डबे पिशवीत भरून नणंदेला परत केले. नणंद खट्टू झाली आणि तिने थेट साहेबांनाच दुकानात आणलं. साहेब जिद्दीबद्दल बोलू लागले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची डावी बाही अर्धा इंच लांब आहे. काढा कोट, पाच मिनिटांत करून देते." साहेबांनी बाहीकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाहीकडे पाहिलं. त्यानंतर त्यांचं भाषण काही रंगलं नाही.

दुकान रिकामंच होतं, तेव्हा ताईंनी सगळा जीव त्या कोटात ओतला. काजं हाताने केली, अस्तर दोनदा उसवून पुन्हा लावलं. आत माया सोडली ती नेहमीच्या दुप्पट. ती घ्यायला येईल की नाही, हे काही ठाऊक नव्हतं.

समारंभ चार दिवसांवर आला, तेव्हा गुरुवारी दुपारी मैत्रीण दारात उभी राहिली. हातात डबा नव्हता.

"कोट झाला असेल तर द्या," ती म्हणाली.

अगं-तुगंवरून ती 'द्या'वर आली होती. ताईंनी कोट पुढे केला. मैत्रीण पडद्याआड गेली. मग पडद्यातून नुसतं डोकं बाहेर आलं.

"बटणं लागत नाहीत."

ताई टाचण्या तोंडात धरून आत गेल्या. दोन्ही पल्ल्यांमध्ये चांगलं दोन बोटं अंतर होतं. त्यांना काही कळेना. माप तर दीड महिन्यापूर्वीच घेतलेलं.

"तुझी नणंद तिकिटं घ्यायच्या निमित्ताने खिडकीवर आली होती," मैत्रीण आरशाकडे बघत म्हणाली. "तिच्याकडून दोन डबे घेतले पावडरीचे. तुझ्याकडून घेणार नव्हतेच, रागावले होते ना. पण तू म्हणालीस भल्यासाठी, तर म्हटलं असेलही."

"मग घेत नाहीस का?" ताईंनी टाचण्यांआडूनच विचारलं.

"रोज घेते. नेमाने. जेवण झाल्यावर, दुधात साखर घालून."

पावडर जेवणाऐवजी घ्यायची होती. ताईंच्या तोंडात सहा टाचण्या होत्या म्हणूनच त्यांचं हसू आतल्या आत राहिलं. खांदे मात्र गदगदत होते. त्यांनी टेप फिरवली, डोळ्यांनी वाचली.

"किती?" मैत्रिणीने विचारलं. आवाज खालचा होता आणि नजर थेट ताईंवर होती.

ताईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. कोटाची कड चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि नाक मुरडलं.

"कापड आटलंय."

"अजून धुतलंही नाहीये."

"हल्लीची कापडं नुसती घडी मोडली तरी आटतात."

मैत्रीण आरशात बघत राहिली, उजवीकडून, मग डावीकडून. "मलाही तेच वाटलं," ती म्हणाली आणि बाहेर येऊन स्टुलावर बसली. "उसव लवकर. आणि चहा कर आधी, मी आज डबा आणला नाही."

ताईंनी चहा ठेवला, कोट उलटा केला आणि शिवण उसवायला घेतली. मग हात पुसून त्यांनी वही उघडली, पहिलं पान काढलं आणि आजच्या तारखेपुढे, हाताचा आडोसा न करता, ठळक अक्षरांत लिहिलं: अठ्ठावीस.

मैत्रिणीने मान लांब करून वाचलं.

"एकोणतीस कर गं," ती म्हणाली. "उगाच कुणाला खोटं वाटायला नको."