गजांवरचा गंज

तीनहात हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बाकीचे रंगारी रंगाचे दोन हात देऊन मोकळे होत, हा तिसरा दिल्याशिवाय ब्रश धूत नसे, म्हणून ते नाव पडलं. आणि रंगाआधीचं घासणं तर विचारूच नका. लोखंडाचं काम असलं की काचपेपर घेऊन तासन्‌तास बसायचा. घरमालक वैतागायचे. बायको म्हणायची, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत, तर मी अजून नवी दिसले असते."

त्या बुधवारी सकाळी पोलीस ठाण्यातून हवालदार बोलवायला आला. मोठे साहेब भेट देणार आहेत, कोठडी संध्याकाळच्या आत रंगवून हवी.

कोठडी रिकामी होती, फरशी नुकतीच धुतलेली. खिडकी पार वर, तिला पाच गज. शिडी लावून तो चढला आणि त्याचं डोकंच फिरलं. आधीच्या कुणा महाभागानं गंजावरच रंग फासला होता. नखाएवढे पापुद्रे सुटून गजांना कसेबसे चिकटले होते, फुंकर मारली तरी गळतील असे. आणि पहिल्या गजापासून पाचव्यापर्यंत कोळ्याचं जाळं, धुळीनं जाड झालेलं, कुठेही न फाटलेलं.

"मार रे वरच्यावर," हवालदार खालून ओरडला. "कोण बघतंय एवढ्या उंचावर?"

"गंजावर रंग मारत नाही मी, साहेब."

"अरे, घाई आहे!"

"मग दुसऱ्याला बोलवा."

दुसरा आयत्या वेळी कुठला मिळायला! तीनहातानं जाळं झाडलं, एकेक गज लख्ख घासला, प्रायमर लावला, वर रंगाचा एक हात दिला. वाळायला वेळ नव्हता. दोन हात राहिले याची रुखरुख घेऊन तो ठाण्यातून निघाला.

संध्याकाळी सलूनमध्ये तो गालाला साबण लावून बसला होता आणि टीव्हीवर बातमी लागली. त्यांच्याच गल्लीतला कुलूपवाला, चोरीच्या संशयावरून नेलेला, मंगळवारी रात्री कोठडीत मेला होता. खिडकीच्या गजाला शर्ट बांधून त्यानं गळफास घेतला, असं पोलीस सांगत होते.

सलूनमध्ये लगेच दोन तट पडले. कुणी म्हणे मारलाच असणार, कुणी म्हणे उगाच कुणाला नेतात का, काहीतरी केलंच असेल. न्हावी वस्तरा हवेत धरून दोन्हीकडे मान डोलवत होता, गिऱ्हाईक कुठलंच तुटायला नको. तीनहाताला मात्र सकाळचे ते पाच गज आठवले. शर्ट कशाला, त्या गजांना साधी दोरी बांधली असती तरी पापुद्रे झडले असते, जाळं फाटलं असतं. दाढी अर्धी टाकूनच तो उठला.

पुढचे आठ दिवस सगळे बोलत होते. मोर्चा निघाला, मोर्चाला उत्तर म्हणून दुसरा निघाला, टीव्हीवर रोज चौघं एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. ज्याला खरं माहीत होतं तो तेवढा तोंडाला कुलूप लावून बसला. "गप्प राहा," बायको म्हणाली, "नाहीतर उद्या तुम्हीच आत." तिचंही चूक नव्हतं.

नवव्या दिवशी कुलूपवाल्याची आई दारात आली. बसलीसुद्धा नाही.

"कोठडी तूच रंगवलीस म्हणे. शिडीवर चढला होतास ना? मला एवढंच सांग. माझ्या पोरानं हे आपल्या हातानं केलं का?"

"नाही, मावशी."

"मग हे तिथे सांगशील?"

तीनहातानं पायात चपला सरकवल्या.

चौकशीसाठी नेमलेल्या बाई भल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला घेऊन थेट कोठडीत गेल्या. शिडी मागवून स्वतः वर चढल्या. गजावर बोट फिरवलं. गज गुळगुळीत होता.

"पापुद्रे कुठे आहेत?"

"घासले, बाई."

"आणि जाळं?"

"झाडलं."

"घासायला कुणी सांगितलं होतं?"

तीनहातानं हवालदाराकडे पाहिलं. हवालदार छताकडे बघत होता. खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एवढं वाटलं. पण ते त्याला जमण्यातलं नव्हतं.

"कुणी नाही. ते नकोच म्हणत होते. मीच ऐकलं नाही."

बाईंनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं, त्याची सही घेतली. लिहिताना त्यांचाही चेहरा उतरला होता. दुसऱ्या एखाद्या रंगाऱ्यानं वरच्यावर रंग मारला असता, तर सगळं काही त्या रंगाखाली अजून जसंच्या तसं असतं.

बाहेर म्हातारी पायरीवर वाट बघत होती.

"बघितलं त्यांनी?"

"बघितलं."

"काय म्हणाल्या?"

"काही दिसत नाही म्हणाल्या. मी सगळं घासून टाकलंय, मावशी."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती उठली. पदरानं तोंड पुसलं.

"आमचं फाटक तूच रंगवलं होतंस," ती म्हणाली. "पोरगा माझा रोज हात फिरवून बघायचा. म्हणायचा, आई, एवढा मन लावून काम करणारा माणूस दुसरा मिळायचा नाही."