फळ्याखालची झोळी

"दोरी ओढ. पाळण्याला हात लावायचा न्हाय."

मुकादमानं एवढंच सांगितलं आणि दोरीचं टोक माझ्याकडं फेकलं. हातात दिलं नाही. फेकलं. मातीतून ते मी उचललं. पाळणा त्याच्या घरचा, रंगीत, पितळी कड्यांचा. आत त्याच्या भावाचा मुलगा. गुटगुटीत, काजळ घातलेला, पायात वाळे. माझी चंद्री पलीकडं सुरूच्या बनात सोनी म्हातारीजवळ होती, फाटक्या लुगड्याच्या तुकड्यावर. तिला या पाळण्यात जागा नव्हती.

त्या दिवशी तपासणीचा साहेब येणार होता.

स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. चौलहून रेवदंड्याला जाणारा रस्ता सरकार नव्यानं बांधत होतं. काम एका कंत्राटदारानं घेतलं होतं आणि आम्ही महारवाड्यातल्या बाया त्यावर खडी फोडायचो, पाट्या वाहायचो. सरकारनं कंत्राटदाराला म्हणे अटी घातल्या होत्या. मजुरी इतकी द्यायची, प्यायला पाणी ठेवायचं, बायांच्या तान्ह्या पोरांसाठी सावलीची झोपडी बांधायची, तिथं एक दाई ठेवायची. मजुरीचा दर रंगवलेला मोठा फळा रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर उभा होता. आम्हाला कुठं वाचता येतंय? पण त्यावर काय लिहिलंय ते प्रत्येकीला पाठ होतं. मुकादमानंच घोकून घेतलं होतं. रांगेत उभं करायचा, काठी आपटायचा. "साहेबांनी इचारलं तर काय सांगाल?"

"सव्वा रुपया, साहेब." आम्ही सगळ्या एका सुरात.

हातावर पडायचे बारा आणे.

एकदा माझ्या तोंडून बारा आणे निघून गेलं. झालं! भर उन्हात मला कान धरून उभं केलं आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत सव्वा रुपया, सव्वा रुपया म्हणायला लावलं. गडी हसले. आमच्याच वाड्यातले गडी. हसले नसते तर त्यांनाही उभं केलं असतं, मला कळत होतं सगळं. तरी ते हसू ऐकून मेल्याहून मेल्यागत झालं.

काम सोडून जायचं कुठं? नवरा खाणीत दगडाखाली सापडला आणि कमरेतून गेला. त्याच्या औषधाला मुकादमाकडूनच उचल घेतलेली. ती फिटल्याशिवाय दुसरीकडं कोण उभं करणार? नागावपर्यंत नारळीच्या बागांतून त्याचा शब्द चालायचा. एकीकडं समुद्र आणि दुसरीकडं हा मेला. त्याचा मुडदा बशिवला!

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी एकदम झोपडी उभी राहिली. झावळ्यांची, शेणानं सारवलेली. इतके महिने आमची पोरं खडीच्या ढिगाआड भाजत होती, तेव्हा यांना एक झावळी मिळाली नव्हती. सकाळी मुकादम मला म्हणाला, "तू दाई. तुझं लुगडं त्यातल्या त्यात बरं हाय."

मी म्हटलं, "मग माझ्या चंद्रीला आत निजवते."

तो असा बघायला लागला, जशी काय मी त्याच्या ताटात जेवायला बसले. "माझ्या घरचा पाळणा हाय तो. अक्कल हाय का तुला?" मग कनवटीची पुडी सोडून त्यानं अफूची बारीकशी गोळी वरूनच माझ्या ओंजळीत टाकली. "ही चाटव पोरीला. गप पडंल."

मागच्या तपासणीला माझ्याबरोबर खडी फोडणाऱ्या जनीच्या पोराला अशीच गोळी दिली होती. ते पोर अजून मान धरत नाही. मी बनात गेले, गोळी वाळूत पुरली, चंद्रीला पोटभर पाजलं. परत येऊन म्हटलं, चाटवली.

साहेब जीपमधून आला. तरणाच होता, आपल्यासारखंच मराठी बोलणारा. शहाळं प्याला. फळा वाचला. बायांना मजुरी विचारली. सव्वा रुपया, साहेब. त्यानं मान हलवली आणि झोपडीत डोकावला. मी लांब बसून दोरी ओढत होते.

"छान. मजुरांची मुलं इथंच असतात ना?"

"व्हय साहेब, रोज," मुकादम म्हणाला.

आणि बनातून चंद्री रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो.

मला पान्हा फुटला. चोळी भिजली. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या आणि मी जमिनीकडं. हात चालूच. तूप-भात खाल्लेल्या पोराला मी जोजवत होते आणि माझी लेक रानात घसा फोडत होती. लाज वाटली. मुकादमाची नाही, माझ्या हाताची.

"कोण रडतंय?" साहेबानं विचारलं.

"कोळ्याचं असंल कुणाचं," मुकादम म्हणाला, आणि माझ्याकडं डोळे वटारले.

मी दोरी सोडली.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. धावतच बनात शिरले. सोनी म्हातारीनं माझा पदर धरला. "पोरी, उपाशी मरशील गो."

"आत्ता काय जेवून मरतेय?" मी पदर सोडवला आणि चंद्रीला उचललं.

परत आले आणि तिला त्या पाळण्यात ठेवलं, त्या मुलाच्या शेजारी. पाळण्याला दोन्ही हात लावून.

"ही माझी लेक, साहेब. ते मुकादमाच्या भावाचं. झोपडी कालची हाय. आन् मजुरी बारा आणे."

साहेबानं घाम पुसला, घड्याळात बघितलं. "बघतो," म्हणाला. जीप गेली.

धूळ खाली बसायच्या आत मुकादमानं पुतण्याला उचललं आणि पाळण्याला लाथ घातली. चंद्री मातीत पडली. "पाळणा बाटवलास! उद्यापासून काम बंद. आन् उचल व्याजासकट वसूल करीन." दिवस मावळायच्या आत झोपडीही मोडली.

घरी नवरा म्हणाला, "जा, पाय धर त्याचे." पडल्या पडल्या तो बिचारा दुसरं काय म्हणणार?

मी म्हटलं, "इतके दिवस धरलेच होते की."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. हातोडा घेतला आणि फाटकं लुगडं घेतलं. त्या दराच्या फळ्याच्या दोन खांबांना लुगड्याची झोळी बांधली आणि चंद्रीला आत टाकलं. फळ्याची सावली बरोबर तिच्या तोंडावर पडत होती.

मुकादम काठी घेऊन आला. "काढ ती झोळी."

"न्हाय काढणार. हा सरकारचा फळा हाय. तुमच्या घरचा पाळणा न्हाय."

त्याची काठी वर गेली. रेवदंड्याची एसटी आली, खिडक्यांतून माणसं बघायला लागली, तशी काठी खाली आली. जनी पोराला खांद्यावर घेऊन लांब उभी होती. जवळ आली नाही. मी तिला हाक मारली नाही.

खाली बसले आणि पहिला दगड फोडला. आज बारा आणेही मिळणार नव्हते. उद्याही नाही. पण झोळी तिथंच राहणार होती. पुढचा साहेब येईल तेव्हा चंद्री तिथंच दिसेल, आणि तिच्याजवळ मी. मजुरी विचारली तर बारा आणे सांगेन. नाही विचारली, तरी सांगेन.