विमच्या बारमधला हापसा

हापशाखाली डबकं कसं साठतं, ठाऊक आहे? कुणी मुद्दाम भरत नाही. प्रत्येकाच्या कळशीतून थोडं सांडतं, आणि एक दिवस बघावं तर त्यात चिमण्या अंघोळ करताहेत! आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से तसेच साठलेत.

मी चौथी शिकलेला माणूस. तालुक्याच्या पंचायत समितीत हापसे दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली. आता मुलगा नितीन आणि सून वर्षा यांच्याकडे, डच मुलखातल्या डीमन गावी असतो. बोलतो कमी, तेही सावकाश. माझं वाक्य संपेपर्यंत मंडळी पुढच्या विषयावर गेलेली असतात. म्हणून लिहून टाकतो.

मंडळी म्हणजे हे दोघं आणि त्यांचा पुण्याचा मित्र कुलकर्णी. तिघंही आयटीतली. रविवारी दुपारी आम्ही मेट्रो स्टेशनामागच्या एका छोट्या पबमध्ये बसतो. मालक माझ्याच वयाचा डच माणूस. नाव विम. म्हणजे विमचा बार! हे कळलं तेव्हा वर्षा इतकी हसली की विम घाबरून तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

*

पहिल्याच दिवशी कुलकर्णीने मला विचारलं, "काका, पेल एल?"

मी म्हटलं, "पेलेल की! कुठं न्यायचंय?" आणि बाह्या सरसावून उभा राहिलो.

"अहो काका, बसा! बिअरचं नाव आहे ते. इंग्लिश बिअर!"

मी बसलो. मी पीत नाही. पण कुलकर्णी म्हणाला, दोन घोट नुसती चव बघा. तेवढ्यात माझी नजर काउंटरवर गेली. तिथे लाकडी मुठीचा एक उंच दांडा होता. विम तो स्वतःकडे ओढत होता, सोडत होता, आणि ग्लास भरत होता.

"अरे, हा तर हापसा!"

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. सगळा पब वळून बघायला लागला! नितीनने समजावलं, की ह्या बिअरला गॅस लावत नाहीत. ती खाली तळघरात पिंपात असते आणि हाताने वर ओढावी लागते.

"म्हणजे हापसाच ना!"

विमला शब्द फार आवडला. दोनतीनदा घोळवून बघितला. पुढच्या रविवारी गेलो, तर फळ्यावर खडूने इंग्रजी अक्षरांत 'हाप्सा' लिहिलेलं!

आता डच भाषेत 'हाप्ये' म्हणजे तोंडात टाकायचा खाऊ. त्यामुळे एक आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, "दोन हाप्सा द्या, मोहरीची चटणी लावून."

विमने शांतपणे दोन ग्लास ओढले आणि शेजारी मोहरीची चटणी ठेवली. आजीबाई अजून दर रविवारी येतात. मोहरीशिवाय त्यांना ती बिअर जात नाही!

*

कुलकर्णी बिअर पीत नाही, तिची परीक्षा घेतो. आधी वास, मग घोट, मग मोबाइलमध्ये नोंद.

"बिस्किट... संत्र्याची साल... कापलेलं गवत," तो डोळे मिटून म्हणाला. "काका, तुम्हाला काय लागतंय?"

मी घोट घेतला. बिअर फारशी थंड नाही, फेस नावापुरता. खोटं कशाला सांगू?

"भिजवलेल्या मटकीचं पाणी."

"काका! अहो, काय हे!"

पण त्याने पुन्हा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग गुपचूप मोबाइलमध्ये काहीतरी टाईप केलं. तेव्हापासून त्याला प्रत्येक बिअरमध्ये मटकीच लागते. परवा म्हणाला, "काका, तुम्ही माझी जीभ बिघडवलीत!"

नितीनची तक्रार वेगळी. त्याला बिअर थंडगार हवी असते. एकदा त्याने बर्फ मागितला.  विम बर्फ घेऊन आला. वेगळ्या बशीत, काट्याचमच्यासह!

*

पिंप गुरुवारी येतं. आल्यावर त्याला आडवं निजवतात आणि दोन दिवस कुणी धक्का लावायचा नाही. विमने एकदा आम्हाला तळघराच्या जिन्यावरून ते दाखवलं. ओठांवर बोट ठेवून.

मी हळूच विचारलं, "आत बाळंतीण निजलीय का?"

नितीनने ते भाषांतर करून सांगितलं. मला वाटलं, विम हसेल. त्याने गंभीरपणे मान हलवली. म्हणाला, "बरोबर. पिंपातली बिअर अजून जिवंत असते."

पुढच्या रविवारी वर्षाने डिंकाचे लाडू नेले.

"कुणासाठी?" विमने विचारलं.

"बाळंतिणीसाठी."

विम डबा घेऊन तळघरात गेला. दहा मिनिटांनी मिशा पुसत वर आला. "तिची तब्येत उत्तम आहे," तो म्हणाला. "पण तिला आणखी लाडू हवेत!"

*

मग एका रविवारी हापसा बिघडला. दांडा ढिला, आतून खर्र खर्र आवाज, ग्लासात नुसता फेस.

विमची मुलगी मरैके आता पबचा कारभार बघते. तिने बापाला स्पष्ट सांगितलं, "इंग्लंडहून पार्ट यायला महिना लागेल. पुढच्या रविवारी नायमेखन शहरातला तो इंग्रज म्हातारा येणार आहे. चांगल्या हापशांची यादी करतो ना, तोच. त्याच्या यादीत नाव आलं तर ठीक. नाहीतर हा दांडा काढायचा आणि इथे कोल्ड कॉफीचं मशीन बसवायचं."

कॅटलॉग तिच्या हातातच होता. विम दांड्यावर नुसता हात ठेवून उभा राहिला.

 ह्या देशात दाराच्या कुलपापासून चुलीपर्यंत सगळं मला नितीनला विचारावं लागतं. हा एक दांडा तेवढा माझ्या हाताच्या ओळखीचा. रविवारचा पहिला ग्लास विम मलाच ओढू द्यायचा.

मी कान लावला. "वायसर गेलाय."

उघडून बघितलं, तर तेच. जुना हापसा, आत चामड्याचा वाटीसारखा वायसर, आणि तो तडकलेला. नव्यासाठी जुनं, जाड, तेल मुरलेलं चामडं हवं. ते डीमनमध्ये कुठून आणायचं?

घरी आलो आणि दारात माझी चप्पल दिसली. गावाकडून आणलेली. माझी बायको सरू असताना दर दिवाळीला तिला तेल पाजायची. सरू गेल्यापासून मी पाजतो. चप्पल हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग उजव्या टाचेतून बेताने एक चकती कापली.

चकती साबणाने तीनदा धुतली. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवली. आता तिला वाटीचा आकार द्यायचा होता. घरात शोधलं, आणि बरोब्बर मापाचं एकच भांडं सापडलं. त्यात दाबून, वर वजन ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी वर्षा ऑफिसातून आली. ओट्यावर इडलीपात्र बघून तिला केवढा आनंद! "अय्या, बाबा! इडल्या केल्यात?"

"नाही. चप्पल."

तिने इडलीपात्रात बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं. "हे पात्र आजपासून तुमचं, बाबा."

*

शनिवारी जाऊन हापशात नवा वायसर बसवला. रविवारी इंग्रज म्हातारा आला. मरैके हाताची घडी घालून उभी. विमने मला दांड्याकडे बोलावलं. मी ओढला. हवा. पुन्हा ओढला. हवाच. तिसऱ्यांदा दांडा जड लागला, आणि बिअर आली! ग्लास भरून दिला आणि मी आमच्या टेबलाशी येऊन बसलो.

म्हाताऱ्याने वास घेतला, घोट घेतला. नितीन कानात भाषांतर करत होता.

"म्हणतोय, बिस्किट आहे."

"मी म्हटलं होतं!" कुलकर्णी.

"संत्र्याची साल."

"त्याला मटकीचं विचार ना!"

म्हाताऱ्याने दुसरा घोट घेतला आणि थांबला. डोळे मिटले. 

"म्हणतोय, शेवटी एक चव येते... फार जुनी. त्याच्या लहानपणी आजोबांच्या ग्लासातून चोरून प्यायचा, तेव्हा लागायची. आता इंग्लंडातही कुठं मिळत नाही."

"कसली चव?" मरैकेची घडी सुटली होती.

"चामड्याची. नीट तेल पाजलेल्या चामड्याची."

म्हाताऱ्याने वही काढली आणि पबचं नाव लिहिलं. मरैकेने कॅटलॉग दुमडून आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. मग म्हाताऱ्याने पेन तसंच धरून विमला विचारलं, "हे तुम्ही करता तरी कसं?"

विमने माझ्याकडे बघितलं. वर्षा वाकून टेबलाखाली बघायला लागली.

मी उजवा पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला.