बाराही गाड्यांची तोंडं सांगलीकडे

हरिबा कोळेकर आमच्या एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर. म्हणजे पक्का नव्हे, हंगामी. मूळचा कंडक्टर, जतकडच्या मेंढपाळाचा मुलगा, तरुणपणी आखाड्यात लढलेला. मी ड्रायव्हर. कुणाचा हुकूम ऐकायचा म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण हरिबाचं मी ऐकायचो.

चौऱ्याहत्तर साली बोरवाडीच्या जत्रेत कुस्त्यांचं मोठं मैदान भरायचं होतं. आदल्या वर्षी तिथं परतीच्या गर्दीत माणसं टपावर चढली होती आणि एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता. डेपोच्या साहेबांनी हरिबाला समोर उभं करून सांगितलं, "यंदा सगळे धड घरी पोचले तर तुमची ऑर्डर पक्की. एक जरी टपावर दिसला, तर पुन्हा गळ्यात तिकिटाची पेटी." हरिबानं चोवीस जादा गाड्या मागितल्या होत्या. मिळाल्या बारा, त्यातल्या दोन ढकलस्टार्ट.

आम्ही ड्रायव्हर हसत होतो. हरिबानं काठीनं मातीत रेघा ओढल्या.

"एक नंबरची कुस्ती सांगलीच्या सिद्धूची आन् साताऱ्याच्या मानसिंगची. ज्येचा पैलवान पडंल ती मानसं चपला घालून लगीच निगत्यात. जितलेली फेटं बांदत दोन तास नाचत्यात. म्हंजे बाराच्या बारा गाड्या आदी हरलेल्यास्नी. परत यिऊन जितलेल्यास्नी. कशाला पायजेत चोवीस?"

पुस्तकात न सापडणारी अक्कल ती. मी मान डोलावली.

मैदानाच्या दिवशी कुस्ती अर्धा तास चालली आणि सिद्धूचा गुडघा दुखावला. हरिबानं ते कडेवरून हेरलं आणि पळत आला. "सांगली पडतीया! फिरवा गाड्या!" रस्ता बैलगाडीपुरता, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पाट. पुढं-मागं, पुढं-मागं करत, एकमेकांच्या आयाबहिणी काढत आम्ही बाराही गाड्या सांगलीकडे तोंड करून लावल्या. आणि तेवढ्यात पंचांनी भोंग्यावर सांगितलं, "सिद्धूला लागलंय. कुस्ती बरोबरीत सोडवली!"

झालं! हरलं कुणीच नाही. दोन्हीकडची दीड हजार माणसं एकदमच उठली. निम्मी ओरडत होती, "निकाल द्या!" आणि निम्मी आमच्याकडे बघून ओरडत होती, "गाड्या साताऱ्याकडं फिरवा!" दोन पोरं टपाच्या शिडीला लोंबकळलीसुद्धा.

हरिबाचा चेहरा पांढरा पडला. मग त्यानं काय करावं? मंचावर जाऊन भोंगा हिसकावला. "बसा खाली! निकाल हुनार! सिद्धूच्या जागी सांगलीकडनं मी उतरतोय, हरिबा कोळेकर!"

पंचांनाही धोंडे खाण्यापेक्षा हे बरं वाटलं. मी हरिबाचा खाकी शर्ट धरून कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभा राहिलो. "आवं, तुमी चाळीशीचं. हाडं मोडतील!"

"जितायचं कुनाला हाय?" तो हळूच म्हणाला. "मी पडतो. सांगली हरली की ती मानसं निगतील. तू इंजन चालू करून ये."

लोक शिडीवरून उतरून पुन्हा कडेला बसले. हरिबानं सलामी दिली आणि मानसिंगच्या कानात पुटपुटला, "गड्या, पाड मला. लवकर पाड."

"काका, माज्यात दमच न्हाई," मानसिंग धापा टाकत म्हणाला. बिचाऱ्यानं दोनदा जोर लावला आणि दोन्ही वेळा स्वतःच गुडघ्यावर आला. इकडे सांगलीकरांना चेव चढला. "कोळेकर! कोळेकर!" हलगी कडाडली. जतकडची म्हातारी धनगरं पटके उडवायला लागली. आणि हरिबाच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, त्यानं झटक्यात मानसिंगचा कब्जा घेतला.

मानसिंग खाली, हरिबा वर. एक हिसका, की साताऱ्याचा एक नंबरचा पैलवान कंट्रोलरकडून चीत. सात पिढ्या गावात नाव निघालं असतं. पण मग हरलेले सातारकर आधी निघणार, आणि बाराही गाड्यांची तोंडं सांगलीकडे. हरिबानं मान वर करून गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मलाच वाटत होतं, मरू दे गाड्या, पाड त्याला.

हरिबानं पकड सोडली. मानसिंगनं जेमतेम ढकललं आणि हा वाळत घातलेल्या घोंगड्यासारखा पाठीवर पसरला.

सातारकर मानसिंगला खांद्यावर घेऊन नाचायला लागले. सांगलीकर शिव्या घालत चपला शोधायला लागले. पाच मिनिटांत हरिबा पाठीला माती तशीच ठेवून रस्त्यावर शिट्टी फुंकत होता. टपावर एक माणूस नाही, खिडकीतून कुणी घुसलं नाही. दिवस मावळायच्या आत सांगलीकडची शेवटची गाडी हलली. परत आलो तरी सातारकरांचे फेटे बांधायचे चाललेच होते.

महिन्याभरात पक्की ऑर्डर आली. साहेबांनी पेढे वाटले, पाठही थोपटली. हरिबा हसला, पण पेढा त्यानं कागदात बांधून माझ्याच हातावर ठेवला.

मैदानाच्या संध्याकाळी त्याच्याच गावचा कोंडीबा गाडीत चढताना त्याला म्हणाला होता, "वर असून पडलास. आमी आंदळं न्हाई." हरिबानं त्यालाही खिडकीजवळची जागा दिली होती.

पुढं त्याच्या गावची जत्रा आली. हरिबानं गावाला चार जादा गाड्या सोडल्या, चारही वेळेवर. बायकोला, हरणाबाईला, पहिल्या गाडीत बसवून दिलं. मी म्हटलं, "तुमी न्हाई का?" तो म्हणाला, "ड्युटी हाय." त्या दिवशी त्याची रजा होती. रजेचा अर्ज मीच लिहून दिला होता.