ढगळ जाळी

धाकट्या भावाची सफरचंदाची झाडं फुलली की शिंप्याच्या पोटात दुखायला लागायचं. दोघांच्या बागा शेजारीशेजारी, कलमं एकाच दिवशी लावलेली, पण येणारे-जाणारे थांबायचे ते धाकट्याच्याच फाटकाशी. "साधा कारकून तो, त्याला झाडातलं काय कळतंय," असं शिंपी बायकोला उठताबसता ऐकवायचा.

मग ससे आले आणि खोडांच्या साली कुरतडू लागले. दोघांनी तारेची जाळी आणली. शिंप्याने टेपने खोडांची मापं घेतली आणि जाळी अशी अंगाबरोबर बसवली, की कुठे सुरकुती म्हणून नाही. धाकट्याची जाळी मात्र खोडापासून वीतभर लांब उभी. "झाडाला बापाचा कोट घातलाय," म्हणत शिंपी पोट धरून हसला.

थंडी सरली. सशांनी शिंप्याच्या जाळीच्या भोकांतून दात घालून साल पार सोलून काढली होती. धाकट्याच्या खोडांवर ओरखडाही नव्हता; सशांचं तोंडच तिथवर पोचत नव्हतं.

"तुला कुणी शिकवलं हे?" शिंप्याने कुंपणावरून विचारलं, जमेल तितक्या सहज आवाजात.

"तूच की, दादा. लहानपणी माझे सदरे असेच ढगळ शिवायचास. म्हणायचास, पोराला वाढायला जागा हवी. म्हटलं, झाडालाही हवी."

शिंपी घरात आला. आता त्याच्यावर धड जळायचीही सोय राहिली नव्हती.