पाच बोटांच्या बाहुल्या

"ती बाई काहीच करस नही. नुसती बठस."

जिन्यावर माझ्यापुढे दोघी चढत होत्या, त्यांतली एक दुसरीला सांगत होती. दुसरी म्हणाली, "मग पोरले आठे आणीसन काय फायदा?"

मला अहिराणी कळते. घरी आईबाबा तीच बोलतात. मी मात्र इंग्रजी शाळेत शिकले आणि कुठल्याच भाषेत फारशी बोलत नाही. त्यामुळे छातीशी फाईल धरून मी गुपचूप त्यांच्यामागे चढत राहिले. मानसशास्त्राच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि कॉलेजने मला नवागामच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या या खोलीत निरीक्षणासाठी पाठवलं होतं. दारावर खडूने 'खेळाची खोली' असं लिहिलेलं होतं.

नुसती बसणारी ती बाई, म्हणजे नलूताई, मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या बसलेल्या नव्हत्या. एका हाताने गॅलरी झाडत होत्या, खांद्याने फोन कानाशी दाबून धरला होता आणि पायाने एक खुर्ची भिंतीकडे सरकवत होत्या. त्यांना दोन मिनिटं एका जागी राहवत नसे. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायच्या. समोरच्या गल्लीतल्या मागांची खटखट दिवसभर चालू असायची, आणि ताईंचे पाय त्याच चालीवर फिरतात असं मला वाटायचं. त्यांच्याकडे बघून मी माझी नखं कुरतडायला लागायचे.

पण मूल यायची वेळ झाली की त्या हातातल्या बांगड्या उतरवून एका स्टीलच्या डबीत ठेवत आणि चटईवर बसत. मग पाऊण तास बाई हलत नसे. सवाशिणीने असे मोकळे हात ठेवू नयेत, असं शेजारच्या एका म्हातारीने त्यांना माझ्यासमोरच सुनावलं होतं. ताई म्हणाल्या, "आजी, पोर मातीत हात घालतं तेव्हा माझा हात वाजला की ते माझ्याकडे बघतं. त्यानं मातीकडं बघायला पाहिजे ना."

त्या मूळच्या अमळनेरकडच्या. वीस वर्षं अंगणवाडीत काढली, मग बडोद्याला जाऊन हे शिकून आल्या, तेही गुजरातीतून. प्ले थेरपी हा शब्द माझ्या फाईलमध्ये पानोपानी होता, त्यांच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. "मोठी माणसं बोलून मोकळी होतात, पोरं खेळून," एवढंच म्हणायच्या. खोलीत मुलाला प्रश्न विचारायला बंदी होती. "विचारलं की पोर उत्तर देतं. मग खेळ राहून जातो." मूल जे करेल तेवढंच त्या हळू आवाजात म्हणत. गाडी उलटी झाली. पाणी सांडलं. आता वाघ दाराबाहेर गेला.

बाहुल्या त्या स्वतः शिवत, साड्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या. प्रत्येक बाहुलीच्या हाताला पाच सुटी बोटं असत. इतका वेळ बोटांवर का घालवता, असं मी एकदा विचारलं. "बोटं नसली तर धरणार कशानं, पोरी?" त्या म्हणाल्या आणि सुई तोंडात धरून पुन्हा उठल्या.

भाविका सहा वर्षांची होती. वडिलांना डबा द्यायला आईबरोबर ती कारखान्यात गेली होती, आणि तिच्यासमोरच वडिलांचा उजवा हात मागात सापडला. तीन बोटं गेली. तेव्हापासून भाविका शाळेतही बोलत नव्हती आणि घरीही. वडील जवळ आले की मान फिरवायची. तिची आई सरला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आम्ही तिला सांगतो, काही नाही झालं, पप्पा बरे होतील. तरी अशीच. आखाजीपर्यंत वाट बघते बेन, नाहीतर गावी सासूकडे ठेवून येते."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन महिन्यांवर होती.

भाविकाने एक बाहुली निवडली आणि पांढऱ्या रिळाचा दोरा तिच्या हाताला गुंडाळायला लागली. दर आठवड्याला तेच. ताई म्हणत, "हात झाकला. अजून झाकला." पाचव्या आठवड्यापर्यंत त्या हाताचा कापसाच्या बोंडाएवढा गोळा झाला होता. खेळ संपला की ती बाहुली एका खोक्यात ठेवून झाकण लावायची आणि आईबरोबर जायची. मी कोपऱ्यात बसून इंग्रजीत लिहायचे. काहीतरी घडावं म्हणून माझा पाय सारखा हलत असे.

सहाव्या आठवड्यात ताई सरलाशी बोलायला खाली गेल्या आणि मी खोली आवरायला घेतली. पुढच्या मुलासाठी खोली जशीच्या तशी लावायची, हा तिथला नियम मला ठाऊक होता. खोक्यातली वस्तू ही ज्या मुलाने ठेवली त्याचीच असते आणि तिला हात लावायचा नसतो, हे ठाऊक नव्हतं. दोऱ्याला गाठी बसल्या होत्या. मी कात्रीने तो कापला, बाहुलीचा हात मोकळा केला, फ्रॉक सारखा केला आणि ती परत खोक्यात ठेवली. नीटनेटकं काम झालं म्हणून मला बरंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात भाविकाने झाकण उघडलं. बराच वेळ आत पाहत राहिली. मग झाकण लावलं आणि टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी ती बाहेर आली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. सरला म्हणाली, "आता एकदाच आणते. मग बस."

मी ताईंना सगळं सांगितलं. त्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होत्या.

"चूक माझी पण आहे," त्या म्हणाल्या. "मी तुला खोक्याचं सांगायला हवं होतं."

"मग आता?"

"आता ती येईल तेव्हा तू तिला सांग."

"मी? ताई, तुम्हीच सांगा ना."

"दोरा मी कापला का?" त्या थांबल्या. मी त्यांना तिथे थांबलेलं प्रथमच पाहत होते. "त्या पोरीला घर, शाळा, कारखाना, सगळे एकच सांगतात, काही नाही झालं. तिनं डोळ्यांनी बघितलंय. आता बाहुलीचं पण तसंच करायचं का?"

गेल्या वर्षी ताई गेल्या. त्यांच्या सुनेने ती स्टीलची डबी मला आणून दिली. मी आता अशाच एका खोलीत काम करते. मुलांशी बोलताना दर वेळी ती दुपार आठवते.

त्या शेवटच्या खेपेलाही भाविका टेबलाखाली होती. ताईंनी बांगड्या उतरवल्या, माझ्याकडे पाहिलं, मीही घड्याळ काढून ठेवलं. मी टेबलाजवळ जमिनीवर बसले. खटखट चालूच होती. मनात वाक्य इंग्रजीत तयार होतं आणि ते काही उपयोगाचं नव्हतं.

"भाविका," मी म्हणाले, "तुझा दोरा मी कापला. तुला न विचारता. तू इतके दिवस गुंडाळला होतास आणि मी तो कापला."

मला उठून पळावंसं वाटत होतं. ताई दगडासारख्या बसून होत्या. बऱ्याच वेळाने टेबलाखालून एक हात बाहेर आला, तळवा वर करून. मी त्यावर रीळ ठेवलं.

ती बाहेर आली. खोकं उघडलं, बाहुली मांडीवर घेतली आणि गुंडाळायला लागली. या वेळी सावकाश, मध्येमध्ये सोडून, पुन्हा बघून. त्या वर्षी आखाजीला ती गावी गेली ती आईवडिलांबरोबर, आणि त्यांच्याबरोबरच परतही आली. बोलायला तिला दिवाळी उजाडली. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी तिने गाठ मारली आणि बाहुलीचा हात वर धरला. जे दिसतं ते म्हणायचं काम ताईंचं होतं. मी वाट पाहिली. ताई गप्प राहिल्या. भाविका माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "दोन बोटं बाहेर ठेवलीस."